लेकीची स्टोरी आजीला दिसते, आईला दिसत नाही

*ताई,*

*मी ५४ वर्षांची आहे, नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. मुलगी २३ ची, पुण्यात नोकरीला. मागच्या महिन्यात बहिणीकडे जेवायला गेलो होतो. भाची म्हणाली, "मावशी, ताईचा ट्रेक भारी झाला ना?" मला ट्रेकचा पत्ताच नव्हता. तिने मोबाइलवर स्टोरी दाखवली. सहा-सात मुलंमुली, एका मुलाचा हात हिच्या खांद्यावर. मला तिच्या स्टोऱ्या दिसतच नाहीत. घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई (वय ७९) म्हणतात, "मी सकाळीच पाहिली." नातीने त्यांना टॅबवर इन्स्टा काढून दिलं आहे. आजी चालते, आई चालत नाही!*

*मी २०११ मध्ये फेसबुकवर आले. एलएडी कॉलेजच्या सगळ्या मैत्रिणी तिथेच परत भेटल्या. माझं काहीच झाकलेलं नसतं. यंदा हिच्या वाढदिवसाला लहानपणचे फोटो टाकले, त्यात टबातल्या अंघोळीचाही होता. सगळ्यांना टॅग केलं. हिच्या आत्याने खाली लिहिलं, "आता लाडू कधी देता?" मुलीचा फोन आला, फोटो काढ म्हणून. मला वाईट वाटलं, मी काढला नाही. त्यानंतर हे सुरू झालं असावं.*

*तिच्या निवृत्त बाबांनी मधुमेहावरच्या कुठल्याशा रसाचा मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला, तर सगळ्यांदेखत "बाबा, फेक आहे" म्हणाली आणि दोन दिवसांनी ग्रुपमधून निघूनच गेली. तिचे बाबा म्हणतात, या पिढीला कशाचं गांभीर्य नाही, मीम टाकून सगळ्यांची टवाळी करून राहिले. माझे मेसेज वाचते, निळ्या टिक येतात, उत्तर येत नाही. रात्री दीड वाजता ऑनलाइन दिसते. मी "ओके." लिहिलं की विचारते, "आई, चिडलीस का?"*

*बहीण म्हणते, खोट्या नावाने अकाउंट काढून पाह्य, काय होते! काढू का? आईपासून लपवण्यासारखं काय असतं?*

*— एक आई*

ताई,

आधी खोट्या अकाउंटचं बोलू. तुमची बहीण उत्साही दिसते. माझं उत्तर येईपर्यंत तिने ते काढूनही दिलं असेल. काढलं असेल तर आजच डिलीट करा. ते पकडलं जाईल, ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण ते पकडलं न गेल्यास येईल. समजा, लेकीने रिक्वेस्ट घेतली आणि तुम्हाला सगळं दिसायला लागलं. एक दिवस ती तापाने पडल्याचं दिसलं, तर फोन कसा करणार? कुठून कळलं म्हणून सांगणार? दिसतंय पण बोलता येत नाही, अशा अवस्थेत तुम्ही महिनाभरही टिकणार नाही. भाचीकडूनही काढून घेऊ नका. तिने दाखवलं ते भोळेपणाने, आता तुम्ही विचारायला लागलात तर ती बिचारी मावशी आणि ताई यांच्या मधोमध सापडेल.

आता दिसत नाही म्हणजे नेमकं काय, ते पाहू. तिचं प्रोफाइल तुम्हाला दिसत असेल, तर तिने तुम्हाला ब्लॉक केलेलं नाही. केलं असतं तर तिचं प्रोफाइलच तुम्हाला सापडलं नसतं. मग मुख्य शक्यता दोनच उरतात. एक म्हणजे तिने 'स्टोरी लपवा' या यादीत तुमचं नाव घातलं असेल. दुसरी म्हणजे ही स्टोरी तिने फक्त 'क्लोज फ्रेंड्स'साठी टाकली असेल. इन्स्टाग्रामने ही सोय २०१८ च्या नोव्हेंबरात आणली. आपण निवडलेल्या थोड्या लोकांनाच ती स्टोरी दिसते आणि त्यांना फोटोभोवती हिरवी कडा दिसते. पहिल्या शक्यतेत तिने तुमचं नाव शोधून तुम्हाला बाहेर ठेवलेलं असतं. दुसरीत तिने दहा-पंधरा जणांना आत घेतलेलं असतं आणि उरलेलं सगळं जग बाहेर असतं, म्हणजे तिचा बॉस, शेजारच्या काकू, आत्या आणि तुम्हीही. तुमच्या बाबतीत यातलं कुठलं खरं, ते इथे बसून मला कळायचं नाही. पण तुम्ही पहिलंच गृहीत धरून महिनाभर झोप घालवली आहे.

तुम्ही लिहिता, माझं काहीच झाकलेलं नसतं. हे मला पटत नाही, रागावू नका. सासूबाईंशी वाजलं त्या दिवशी तुम्ही फेसबुकवर काही टाकलंत का? यजमानांच्या निवृत्तीनंतर घरात जी चिडचिड सुरू झाली असेल, ती टाकलीत का? टाकला तो दिवाळीचा फराळ, अंबाझरी तलावावरचा सूर्यास्त आणि नवी पैठणी. म्हणजे निवड तुम्हीही करता. काय दाखवायचं ते तुम्ही ठरवता आणि मग ते पाचशे जणांपुढे ठेवता. तुमची लेक कुणाला दाखवायचं ते ठरवते आणि मग त्या मोजक्या लोकांपुढे पसारा, रडका चेहरा, फसलेली भाजी, काहीही ठेवते. झाकपाक दोघींचीही तेवढीच आहे, फक्त जागा वेगळी. त्यामुळे तुम्हाला ती चोरटी वाटते आणि तिला तुम्ही बेफिकीर वाटता.

हे असं का झालं, त्याचं कारण स्वभावापेक्षा तारखांत जास्त आहे. तुम्ही २०११ मध्ये फेसबुकवर गेलात ते हरवलेली माणसं शोधायला. लग्न होऊन कुणी अमरावतीला गेली, कुणी रायपूरला, कुणी अमेरिकेत. पत्ते गेले, लँडलाइन बंद झाले. त्या मैत्रिणी एका संध्याकाळी एकेक करून पडद्यावर उगवल्या, तेव्हा जितके जास्त लोक तितका जास्त आनंद, हे तुमच्या मनात पक्कं बसलं. त्यात चूक काही नाही. तुमच्या लेकीला मोबाइल मिळाला तो बहुधा दहावी-अकरावीत. तोपर्यंत २०१६ च्या सप्टेंबरात जिओ येऊन गेलं होतं, डेटा स्वस्त झाला होता, आणि मामा, काकू, क्लासचे सर, सोसायटीचे सेक्रेटरी सगळे तिच्या आधीच तिथे हजर होते. तिला कुणाला शोधायचंच नव्हतं. तिला यांच्यातून थोडी जागा मोकळी करून हवी होती. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत २०१४-१५ मध्ये १३ ते १७ वयाची ७१ टक्के मुलं फेसबुक वापरत होती, २०२२ मध्ये ३२ टक्के उरली. आकडे तिकडचे आहेत आणि आई-मावश्या येऊन बसल्या हे काही त्याचं एकमेव कारण नाही. पण तुमच्या लेकीने फेसबुकवर शेवटचं स्वतःहून काय टाकलं, आठवून पाहा.

आणि नागपूरच्या आईबापांचं आणखी एक आहे. आपली मुलं शिकतात इथे आणि नोकरीला जातात पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला. इथल्या मिहान औद्योगिक प्रकल्पात लागलेली पोरं तेवढी हाताशी राहतात. पुणं म्हणजे सातशे किलोमीटर, शनिवार-रविवारी सहज येऊन जाण्याचं अंतर ते नव्हे. दिवाळी, एखादं लग्न, बस. मधल्या काळात मुलगी काय खाते, कुणासोबत राहते, हसते की नाही, हे कळायला मोबाइलचीच खिडकी उरते. ती खिडकी बंद दिसली की छातीत धस्स होणारच. तुमचं दुखणं खरं आहे, फक्त इलाज स्टोरीत नाही.

सासूबाईंचं मात्र मला फार आवडलं. ७९ व्या वर्षी टॅबवर स्टोऱ्या पाहणारी बाई! पिढ्यांच्या फरकाचं सगळं गणित त्यांनी एका वाक्यात मोडून टाकलं. वयावर असतं तर सगळ्यात बाहेर त्या असत्या. मग त्या आत का? त्या पाहतात आणि गप्प बसतात. त्यांच्याकडून काही पुढे जात नाही. स्क्रीनशॉट काढता येत नसेल, टॅग करता येत नसेल, हेही आहेच. पण ट्रेकचं त्यांना सकाळीच ठाऊक होतं आणि तुम्ही विषय काढेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हे लक्षात घ्या. तुमच्याकडे गेलेलं काही पाचशे जणांपर्यंत पोहोचतं, हा लेकीचा अनुभव आहे. आणि आता कृपा करून सासूबाईंना "आज काय टाकलं तिने?" असं विचारू नका. त्या सांगतील, नातीला ते कळेल आणि म्हातारीचं सुख जाईल.

आता वाढदिवसाचा फोटो. तिथे तुमचं चुकलं, सरळ सांगते. टबातलं बाळ तुमच्यासाठी गोड आहे. तिच्यासाठी ती स्वतः आहे, उघडी, आणि ते पाहणाऱ्यांत ऑफिसमधले लोकही आहेत, कारण तुम्ही तिला टॅग केलंत तर तुमची पोस्ट तिच्या ओळखीच्यांनाही दिसू शकते. पण मला विचाराल तर फोटोपेक्षा आत्याबाईंची ओळ जास्त लागली असणार. "लाडू कधी देता" हे लग्नाच्या मांडवात कुणी म्हटलं तर मुलगी हसून पाणी आणायला निघून जाते. इथे ते लेखी राहिलं, त्यावर चारचौघांनी अंगठेही उमटवले असतील आणि तुमच्याच पोस्टखाली, तुमच्याच संमतीने असल्यासारखं ते पडून राहिलं. त्यातून तिने फोन करून विनंती केली आणि तुम्ही ती मोडली. ती दुसऱ्या कुणाशी इतकं सरळ बोलली असती असं मला वाटत नाही.

तेव्हा फोटो काढा. नुसता लपवू नका, काढा. मग तिला एक मेसेज करा. मी लिहून देते: "तो फोटो काढला. टाकण्याआधी तुला विचारायला हवं होतं. यापुढे विचारेन." इतकंच. यात "पण" येऊ देऊ नका. "आईचं मन तुला नाही कळायचं" नको, हात जोडलेली चित्रं नकोत, आणि मुख्य म्हणजे "आता तरी स्टोरी दाखव" नको. माफीच्या बदल्यात काही मागितलं की ती माफी राहत नाही, आणि तुमची लेक हे ओळखण्याइतकी हुशार आहे. तिने "हं" एवढंच उत्तर दिलं तरी ते पोहोचलं असं समजा.

तुमच्या "ओके." बद्दल. हे तिने उगाच काढलेलं खुसपट नव्हे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये कॉलेजच्या मुलांना काही छोट्या संवादांतली एका शब्दाची उत्तरं दाखवली, काही पूर्णविरामासह, काही पूर्णविरामाशिवाय. टेक्स्ट मेसेजमध्ये पूर्णविराम असलेलं उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं, तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दिसलं तेव्हा तसा फरक वाटला नाही. आपल्याला शाळेत पूर्णविराम विसरला की मार्क जायचे. या मुलांना तो दार आपटल्यासारखा ऐकू येतो. तीन टिंबांचा "बरं..." तर विचारूच नका, तो वाचून मुलं अर्धा तास विचार करत बसतात की काय झालं. म्हणून शुद्धलेखन सोडा असं मी म्हणणार नाही. तिने विचारलं "चिडलीस का", तेव्हा हसून "नाही गं, सवय आहे" म्हणा. तिने विचारलं हीच मोठी गोष्ट आहे. ती तुमचे मेसेज विरामचिन्हांसकट वाचते.

निळ्या टिकांचं थोडक्यात. वाचलं म्हणजे लगेच उत्तर दिलंच पाहिजे, असा नियम व्हॉट्सॲपने कधी केला नाही, तो आपण केला. आणि रात्री दीड वाजता ती ऑनलाइन आहे हे तुम्हाला दीड वाजता दिसतं, म्हणजे जागं कोण आहे ताई? लास्ट सीन पाहणं बंद करा. ते तिला सेटिंगमधून लपवता येतं आणि अजून लपवलेलं नाही, यातूनही काही समजून घेता येईल.

आता तुमच्या यजमानांकडे, म्हणजे भाऊंकडे येते. मीम म्हणजे टवाळी, या पिढीला गांभीर्य नाही, असं ते म्हणतात. नागपूरकराने हे म्हणावं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे रस्त्यावर उभे राहून काय पाहतो? काळी-पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे पुतळे, तर निघतातच, पण गर्दी खरी लोटते ती बडग्यांसाठी, म्हणजे टर उडवणाऱ्या पुतळ्यांसाठी. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, खड्ड्यांचा, एखाद्या बदनाम झालेल्या पुढाऱ्याचा. गळ्यात पाटी, पाटीवर असा काही मजकूर की घरात मोठ्याने वाचवत नाही. १८८० च्या दशकापासून हे शहर वर्षातून एक दिवस असंच हसत आलं आहे. तुमची लेक तेच मोबाइलवर रोज करते. भाऊंनी तिच्या मीमचं मूल्यमापन करण्याआधी येत्या मारबतीला इतवारीत जाऊन यावं.

फॉरवर्डच्या बाबतीत मात्र मी लेकीच्या बाजूने आहे, आणि ठाम आहे. रस पिऊन साखर जाते असं वाचून कुणा नातेवाइकाने गोळ्या सोडल्या तर? अफवा काय करते ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. भिक्षेवर पोट भरणारी भटक्या समाजातली माणसं होती ती. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्या दिवसांत गावोगाव फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. आता अनेकदा फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. भाऊंना तो बाण दाखवा. बाण दिसला की पाठवायचं नाही, निदान औषधपाण्याचं तरी नाही, एवढं एक पथ्य पुरे.

पण लेकीची पद्धत चुकली. धाकट्या भावांसमोर, साडवांसमोर बापाला "फेक आहे" म्हणणं हा अपमान होता. तिच्या जगात चुकीची माहिती जिथे पडली तिथेच दुरुस्त करतात, त्यात राग-लोभ नसतो. बाबांच्या जगात ग्रुप ही बैठक आहे आणि बैठकीत पोरीने बापाला खोटं पाडलं. तिने बाबांना वेगळा मेसेज केला असता तर त्यांनी स्वतःच मेसेज काढला असता, आणि वर "माझ्या मुलीने सांगितलं" म्हणून मिरवलंही असतं. हे तिला सांगायचं असेल तर बाबांनी सांगावं. तुम्ही वकील होऊ नका.

भाऊंच्या सकाळच्या गुलाबफुलांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण ती असणारच. २०१८ च्या सुरुवातीला बातमी आली होती, भारतात फोन सारखे का भरतात याचा गूगलच्या लोकांनी शोध घेतला, तर एक मोठं कारण सुप्रभातची चित्रं निघालं. मुलांना त्याचा वैताग येतो. मला विचाराल तर निवृत्त माणसाची ती हजेरी आहे. चाळीस वर्षं रोज मस्टरवर सही केलेला माणूस आता सकाळी सहाला "मी आहे" एवढं कळवतो. लेकीला हे एकदा कुणीतरी सांगायला हवं. ग्रुप म्यूट करून ठेवता येतो, न बोलता निघून जायची गरज नव्हती. मात्र तिला परत ॲड करू नका. बाबा रागाने "कर ॲड" म्हणतील, तरीही नाही. त्यापेक्षा तुम्ही तिघांचा, सासूबाई असतील तर चौघांचा, वेगळा छोटा ग्रुप करा. त्यात आत्या नको, फॉरवर्ड नको. त्यात तर्री पोह्यांचा फोटो टाका, कूलरचा पंप पुन्हा बिघडला ते सांगा, गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली ते सांगा. पुण्यात बसलेल्या नागपूरच्या मुलीला याच बातम्या हव्या असतात.

शेवटी, तुमच्या एवढ्या लांब पत्रातली ती अर्धी ओळ. "एका मुलाचा हात हिच्या खांद्यावर." पुढे त्याबद्दल एक अक्षर नाही. मला वाटतं, पत्र त्यासाठीच लिहिलं आहे. लेक १५ ची असती तर मी वेगळं बोलले असते. तेव्हा अकाउंट कोणतं, त्यात अनोळखी लोक किती, हे पाहणं आईचं कामच असतं. ती २३ ची आहे, कमावते आहे. तो मुलगा मित्र असेल, खास मित्र असेल, किंवा फोटोपुरता शेजारी उभा राहिलेला कुणी असेल. जे तुम्हाला दाखवलेलंच नाही, त्याबद्दल विचारता येत नाही. विचारलंत तर पहिला प्रश्न "तुला कुणी सांगितलं?" हाच येईल आणि संभाषण भाचीवर जाऊन संपेल. ट्रेकबद्दल भाचीने सहज सांगितलं, हे मात्र उघड बोला, त्यात लपवायचं काही नाही: "ट्रेकला गेली होतीस म्हणे, पाय दुखले का?" तिथे थांबा. ती जेवढं सांगेल तेवढं ऐका. सिंहगडावर गेली असेल तर तिथे पिठलं-भाकरी मिळते, ती कशी होती विचारा. मुलाचं नाव आलं तर आलं.

आणि आत्याबाईंना तुम्हीच फोन करा, लेकीवर सोडू नका. लाडवाची वेळ आली की पहिला डबा तुमच्याकडेच येईल, तोवर पोस्टखाली असं लिहू नका, म्हणावं. त्या दुखावतील. दोन दिवस स्टेटसवर कुणाचं नाव न घेता सुविचारही ठेवतील. तुम्ही ते पाहू नका.